भीमची लाथ

बुधवार, संध्याकाळ

भीमच्या मणक्याचं ऑपरेशन होऊन पाच आठवडे झाले. चाळीस किलोंचा कुत्रा, मागचे पाय लुळे. पोटाखाली जुन्या साडीची झोळी घालून मी आणि मामंजी त्याला रोज अंगणात फिरवतो. परवा मामंजी म्हणालेच, "सूनबाई, किती दिस वढायचं? मुक्या जिवाचं हाल हायत हे."

आज दुपारी झोपेत त्याचे मागचे पाय हलले, पळत असल्यासारखे. कुठं पळत असेल? उसातून? झोपेतल्या हालचालीवर विसंबू नका, असं डॉक्टरांनी बजावलंय. पण पाय हलले होते. मी पाहिलं ना?

चार वाजता डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे त्याला मळ्यातल्या हौदात नेलं. मी काठावरून झोळी धरली. मामंजी धोतर खोचून कमरेइतक्या पाण्यात उतरले. भीमनं त्यांच्या खांद्यावर डोकं टाकलं. पाणी कोमट होतं, त्यावर ऊन डुलत होतं. मलाच पेंग आली. झोपेतले ते पाय पुन्हा डोळ्यांपुढं आले.

"अगं, लाथ मारली की ह्यानं मला!" मामंजी ओरडले.

"झोपेत?" मी खुळ्यासारखं विचारलं.

"झोपेत कशाला? टकामका बघतोय की!"

त्यानं आणखी दोनदा मारली. मला रडू आलं, का हसू, कळलंच नाही.

आत्ता जेवताना मामंजी मांडीवरचा ओरखडा सगळ्यांना दाखवत होते. मग माझ्याकडं न बघताच म्हणाले, "उद्या तीनलाच जाऊया. पाणी जास्त ऊन असतंय."