खाली न वळणारे डोळे

बाबा, आज मी तुमच्यासारखे डोळे बघितले. बीडला डोळ्यांच्या दवाखान्यात मी आता कामाला आहे. नांदूरघाटचा एक माणूस खुर्चीत बसला होता, डोळे मोठे, समोर खिळलेले. त्याची बायको डॉक्टरांना सांगत होती, "पितो हो. पायरीवर पडतो, ताटाबाहेर कालवण सांडतो, अन् वर म्हणतो, पेलो न्हाई." थेंबांची बाटली माझ्या हातातच राहिली. आई हेच म्हणायची.

आपल्या युसूफ वडगावचं बुद्धविहार आठवतं. रविवारची वंदना तुम्हीच सांगायचात, दारू न पिण्याचं पाचवं शील तर जरा जास्तच ठासून. अशाच एका रविवारी सकाळी तुम्ही मेणबत्ती लावायला वाकता, आणि काडी वातीच्या वर हवेतच जळत राहते, बोटाला चटका बसेपर्यंत. मागून कुणीतरी म्हणतं, "सकाळीच घेतली का बे?" कुणी हसत नाही, तेच वाईट. पुढच्या रविवारी वंदना दुसऱ्याने सांगितली. घरी आईने तुमचं तोंड हुंगलं. वास नव्हता. "लवंग चघळून आला असताल," म्हणत तिने तुमच्या पायाशी ताट आपटलं. तुम्ही दचकलात, पण डोळे खाली गेले नाहीत. "पेलो न्हाई गं," एवढंच म्हणालात.

आज डॉक्टरांनी त्या माणसापुढे बोट धरून हळूहळू खाली नेलं. डोळे हलले नाहीत. मग नजर समोर ठेवायला सांगून त्यांनी त्याचं डोकं हाताने मागे कलवलं, तर बुबुळं अलगद खाली सरकली. "डोळे शाबूत आहेत, मेंदूचा हुकूम पोचत नाही," ते म्हणाले. मेंदूच्या मध्यभागी चार इवल्या टेकड्या असतात म्हणे, वरच्या दोन नजरेच्या, खालच्या दोन आवाजाच्या. खट्ट वाजलं की आपल्याला कळायच्या आत डोळे तिकडे वळतात, ते त्यांच्यामुळे. त्यांच्या आसपासचा भाग झिजला की नजर खाली जात नाही, तोलही जातो. "दारूचा काही संबंध नाही." ती बाई नवऱ्याचे पाय धरून रडली. मला तिचा हेवा वाटला, बाबा. तिला पाय धरायला माणूस होता.

संध्याकाळी तुमच्या फोटोवरची धूळ पुसताना आई नेहमीसारखी पुटपुटली, "तेवढी दारू सोडली असती तर." सगळं ओठांवर आलं होतं. तुमचं नाव धुऊन निघालं असतं, पण मग तिने या वयात कुणाची माफी मागायची? "चहा ठेवू का?" मी विचारलं. "ठेव," ती म्हणाली. तिच्याकडे बघवेना, म्हणून मी खाली बघितलं. मला ते जमतं.