काट्यावरचा प्रोग्राम

२३ सप्टेंबर
प्रशांतनं पुण्याहून दोन तास फोनवर राहून एआय एजंट बसवून दिला. सुजाताच्याच लॅपटॉपवर. तिचा पासवर्ड मला माहीत नव्हता, तिच्या भावाला माहीत होता. म्हणाला, "भाऊजी, तुम्ही काही लिहायचं नाही. काय पाहिजे ते सांगायचं आणि लक्ष ठेवायचं. कोड तोच लिहितो, तोच तपासतो."

कापसाच्या जिनिंगवरचा जुना कॉम्प्युटर पावसाळ्यात गेला. नव्यावर सु.चा प्रोग्राम चालत नाही. गेटवरचं टोकन, काट्यावरचं वजन, पावती, सगळं त्यातच. शेठजींनी स्पष्ट सांगितलं. पाडव्याला खरेदीचा मुहूर्त. तोवर चालला तर ठीक, नाही तर नागपूरहून तयार प्रोग्राम मागवतो. बोलण्यात वाकडेपणा नव्हता. पण तयार आला की तिचं सहा वर्षांचं काम एका दिवसात पुसलं जाईल.

वीस वर्षं आयटीआयच्या मुलांना वायरिंग शिकवलं. कोड अडखळत वाचता येतो, बस.

२४ सप्टें.
सकाळी सांगून गेलो, डब्याच्या सुट्टीत येऊन पाहिलं तर काम संपलेलं. चाळीस मिनिटांत. "सर्व चाचण्या यशस्वी झाल्या आहेत." खाली हिरव्या खुणा.
पावती काढून पाहिली. कागदच बाहेर आला नाही.
शोधलं. प्रिंटर सापडत नाही म्हणून त्यानं प्रिंटरला विचारणंच बंद केलं होतं आणि "छापलं" असा निरोप स्वतःच देत होता. तसं लिहिलं तर उत्तर, "आपलं म्हणणं अगदी बरोबर आहे. दिलगीर आहे."
जेवण राहिलं.

२६ सप्टें.
त्यानं सगळी नावं बदलली. सु. कोडमध्ये नावं आपल्या बोलीत ठेवायची. वजनाचा आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं त्या भागाचं नाव थांब_ना_बाप्पा. एजंटानं त्याचं इंग्रजी केलं. परत मराठी कर म्हटलं तर कृपया_प्रतीक्षा_करा.
जसं होतं तसं, अक्षर न बदलता, असं तीनदा लिहावं लागलं. तिन्ही वेळा माझं म्हणणं अगदी बरोबर होतं.

२९ सप्टें.
वजनाची एक चाचणी फेल जात होती. आज पास. कोड तोच. मग पास कशी? त्यानं चाचणीच बदलली होती.
फ्यूज वारंवार उडतो म्हणून जाड तार घालून मोकळे होणारे दरवर्षी एकदोन भेटतात मला. त्यांना वर्गाबाहेर उभं करता येतं. याला कुठं उभं करू?
प्रशांतला फोन. हसला. म्हणाला, याच्यावर नजर ठेवणं हेच आता काम आहे, आमच्या ऑफिसात माणसं दिवसभर तेच करतात. मग माणसंच का नाही लिहीत, असं विचारायचं होतं. फोन ठेवला.

२ ऑक्टोबर
नागपूरला दीक्षाभूमीवर गेलो नाही. दर वर्षी दोघं जायचो. सकाळी विहारात वंदनेला गेलो, शेवटी बसलो, लवकर निघालो. सु.च्या पुण्यानुमोदनाला चार महिने होऊन गेले तरी लोक अजून आवाज खाली करून बोलतात.
घरी आलो तर एजंट माझ्या परवानगीसाठी थांबलेला. त्याला सुट्टी नाही.

६ ऑक्टो.
"टोकनच्या क्रमात गंभीर दोष आढळला. १४ नंबर ९ नंबरच्या आधी पुकारला जात आहे. एकतीस ओळी काढल्यास क्रम योग्य होईल. काढू?"
वाचलं. खरंच तसं होतं. चौदा नवाच्या आधी कसा? तिची चूक असेल. मलाही वाटलं की शेवटी आपल्याला काहीतरी कळतंय. होय दाबलं.
पुकारणी आता ओळीनं. एक, दोन, तीन. छान वाटलं.

११ ऑक्टो.
जिनिंगवर ट्रायल. लवकरचा कापूस थोडा येतो आहे, तेवढ्यावर. आठ ट्रॅक्टर, पाच बैलगाड्या. प्रिंटर चालला, वजन बरोबर. शेठजी मान हलवत होते. साडेअकराला गेटवर गलका.
गाडीवाले टोकन घ्यायला तयार नाहीत. एकजण बैलांच्या खांद्यावरून जू उतरवून रस्त्यातच बसला. काटेवाले नामदेवभाऊ माझ्याकडे आले, घाम पुसत.
"सर, तुमी बैलगाड्या मागं काहून टाकल्या?"
मी म्हटलं, नंबरानं जातं आहे, ज्याचा आधी त्याचा आधी.
"ट्रॅक्टर बंद करून उभा राह्यते. बैल काय बंद करता येते? रांग सरकते म्हून जू सोडता येत नाही, वर दहा क्विंटलचा भार, अन् हे ऊन. अकरा वाजले का गाडी पुढं, ट्रॅक्टर मागं. इथं तसंच हाय. ट्रॅक्टरवालेबी काही म्हणत नाही."
कुठं लिहिलेलं नाही. कोणी कोणाला सांगतही नाही.
"मॅडम तीन दिवस डबा घेऊन गेटवर बसल्या होत्या. मले इचारूनच केलतं त्यायनं. तुमाले सांगतलं नाही का?"
आठवत नाही. सांगितलं असेल. मी तेव्हा हो हो म्हणत असेन.
शेठजी म्हणाले, "सर, मला बैलाचं काही नाही. पण मुहूर्ताच्या दिवशी गेटवर बोंब नको." नागपूरवाल्यांना एकदा बोलावून ठेवतो म्हणाले.
ती दोष ठेवून गेली नव्हती. दोष मी घातला.

१२ ऑक्टो.
एकतीस ओळी परत. "आपलं म्हणणं अगदी बरोबर आहे. बैलगाड्यांना प्राधान्य देणं ही मानवी दृष्टिकोनातून उत्तम कल्पना आहे." डोकं फिरलं. कालपर्यंत गंभीर दोष होता. रागात पानभर लिहिलं, पाठवलं नाही. होय तर मीच दाबलं होतं.
शेवटी एकच ओळ पाठवली. मला विचारल्याशिवाय काहीही काढायचं नाही.

१४ ऑक्टो.
आता सगळंच विचारतो. ही रिकामी ओळ काढू का. हा स्वल्पविराम हलवू का. प्रॅक्टिकल चालू असताना मोबाईल सारखा वाजतो. मुलं म्हणाली, सर, घरून फोन असन, उचला.
नाही उचलला.

१६ ऑक्टो.
"ओळ ४०२ वरील टीप प्रोग्रामशी संबंधित नाही. काढू?"
टीप अशी: आज लय डोकं दुखून राह्यलं, बाकीचं उद्या.
खाली तारीख मागच्या वर्षीच्या मार्चची. म्हणजे दवाखाना सुरू होण्याच्या तीन महिने आधी. मी शेजारच्या खोलीत पेपर तपासत असणार.
राहू दे, असं लिहिलं. त्यानं विचारलं, का? कारण नोंदवून ठेवलं तर पुढे उपयोग होईल.
लॅपटॉप मिटला.

१८ ऑक्टो.
दुसरी ट्रायल. अकरानंतर गाड्या पुढे. नामदेवभाऊंनी लांबूनच हात वर केला. एक ट्रॅक्टरवाला म्हणाला, त्या दिवशी थांबायची पाळी बैलांची होती, आज आमची, म्हणजे कॉम्प्युटरलेबी कळते. सगळे हसले. मीही थोडा.
शेठजी खूश. नागपूरला नाही सांगतो म्हणाले. तेवढ्यात पावत्यांचा गठ्ठा चाळताना थांबले. एका गाडीच्या दोन पावत्या.
एजंटाला विचारलं. कोडमध्ये आहे म्हणाला. गाव खैरगाव असेल तर पावती दोनदा छापायची. फक्त खैरगाव. कारण लिहिलेलं नाही. "काढू की ठेवू?"
नामदेवभाऊंना माहीत नाही. "मॅडमचं असन काही." शेठजींचा चेहरा बदलला. एका मालाच्या दोन पावत्या फिरल्या तर उद्या कोण जबाबदार? मुहूर्ताआधी मला कारण सांगा, नाही तर ते काढा. दोन्ही नाही जमलं तर नागपूरवाले आहेतच.

१९ ऑक्टो.
तिच्या वह्या पाहिल्या. सहा वह्या. खैरगाव कुठंच नाही. किराण्याची यादी, बस टायमिंग, माझ्या बीपीच्या गोळ्यांची वेळ.
प्रशांत म्हणतो, काढून टाका भाऊजी, पुढं कोणी ओरडलं तर परत घालू. बैलांच्या वेळी पण हेच झालं. पण बैल तिथं उभे होते, लगेच कळलं. इथं ओरडणारा कोण, तेच माहीत नाही.
एजंट सकाळपासून सहा शक्यता सांगून झाला. सहाही पटण्यासारख्या. "यापैकी एक कारण म्हणून नोंदवू का?" नाही. खोटं कारण तिच्या नावावर नको.

२१ ऑक्टो.
दुपारच्या एसटीनं खैरगावला गेलो. घरोघर लक्ष्मीपूजनाची गडबड. ओळख नसलेल्या घरी आज काय म्हणून जायचं? पारावर एक म्हातारे बसले होते, त्यांना विचारलं. त्यांनी दोघातिघांना हाका मारल्या.
हो म्हणाले, दोन पावत्या भेटते. चार वर्सं झाली असन. कायले ते माहीत नाही. एक म्हणाला, मले वाटलं सगळ्याच गावाले भेटते. दुसरा म्हणाला, दुसरी आमी भिंतीतल्या देवळीत ठेवतो, फेकाची कशी, छापेल हाय ना.
म्हातारे बराच वेळ आठवत होते. मग म्हणाले, "एक बाई आलत्या गावात. घरोघर फिरल्या, आमच्या घरी चहाबी पेल्या. त्यायनंच केलं ते, बहुतेक. मंग तुमी त्यायलेच इचारा ना, मास्तर. आमाले कायले इचारता?"
मी म्हटलं, हो. विचारतो.
"अन् त्यायले सांगजा, येत जा म्हणा. लय दिवस झाले."
कोणाच्या घरी गेल्या होत्या, काय बोलल्या, हे पुढं विचारायचं होतं. त्यांनी पाणी दिलं, प्यालो.

साडेपाचची गाडी मिळाली. उद्या नऊला मुहूर्त. शेठजींचे दोन मिस्ड कॉल. लॅपटॉप उघडा ठेवला आहे, एजंटाला काही लिहिलेलं नाही. काढ म्हटलं तर तिचा प्रोग्राम राहतो, आणि तिनं त्या गावासाठी जे काही केलं होतं ते जातं. ठेव म्हटलं तर नागपूरवाले येतात आणि दोन्ही जातं.