सुमनच्या कांड्या

मंगळवार, संध्याकाळ

माझ्या बायकोच्या, सुमनच्या गर्भपिशवीच्या तोंडाला कॅन्सर आहे, तो विषाणूमुळे होतो, एवढं ऐकूनच मी तिला हातमागासाठी सुताच्या कांड्या भरायला मनाई केली होती. वाटलं, तिच्या हाताने तो कोशाच्या रेशमी सुताला लागेल, साडीतून आणखी कोणाला होईल. तेव्हापासून ती नुसती चरख्याकडे बघत बसते.

आज भंडाऱ्याला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा सुतातून पसरत नाही. शरीरसंबंधातून येतो, कधी कधी वर्षानुवर्षं अंगात राहतो. पुरुषाला तर बहुतेक वेळा पत्ताही नसतो."

सुमन शेजारीच बसली होती. तिच्या आयुष्यात माझ्याशिवाय दुसरा पुरुष कोण? मी भिंतीकडे बघत राहिलो.

मोहाडीला घरी आल्यावर ती चरख्याजवळ उभी राहून हळूच म्हणाली, "मंग आता भरू का जी कांड्या?"

परवानगी ती मला मागत होती.