चिनी सुया आणि खोट्या तारखा

आई, तुला मी कधी पत्र लिहिलं नाही. तुझ्यापासून लांब राहायची वेळ आली तेव्हा तूच नव्हतीस, मग लिहायचं कुणाला? आज लिहितेय, कारण शाळेला रजा टाकून घरात एकटी बसलेय आणि हाताला सारखं काहीतरी काम हवंय. सकाळपासून ओटा दोनदा पुसून झाला, फोन किती वेळा उचलून पाहिला ते विचारू नकोस. पाळी जाऊन मला तीन वर्षं झाली होती आणि आता पुन्हा रक्त जातंय. डॉक्टरांनी पिशवीच्या अस्तराचा तुकडा काढून तपासायला पाठवलाय, रिपोर्ट सोमवारी यायचाय. आज शुक्रवार. मी छप्पन वर्षांची झालेय. तू गेलीस तेव्हा अठ्ठेचाळीसची होतीस, म्हणजे मी आता तुझ्याहून थोरली, आणि तरीही घाबरले की तोंडातून पहिलं तुझंच नाव निघतं. लेकीला सांगितलं नाही. ती सकाळी कंपनीच्या बसनं शेंद्र्याला गेली. आई दाढेच्या दुखण्यानं घरी बसलीय असं तिला वाटतंय.

पण मला रिपोर्टबद्दल लिहायचं नाही. मला त्या चिनी सुयांबद्दल लिहायचंय. चाळीस वर्षं हे पोटात घेऊन फिरतेय, आता मात्र ते वर यायला लागलंय.

लासूर स्टेशनच्या आपल्या घरात आईबाप आणि लेक, बायका दोनच, तू आणि मी. दादा गावात पूजा सांगायचे, त्यामुळं सोवळंओवळं इतरांपेक्षा चार बोटं जास्त. अडचण आली की मागच्या पडवीत घोंगडी टाकून तीन दिवस बसायचं. पाणी भरायचं नाही, भांडी नाहीत, दळण नाही, कुणाला शिवायचं नाही. दहावीच्या वर्षी असंच एकदा मी बसले होते. दादांनी निवाडा दिला होता की इंग्रजीच्या आणि भूमितीच्या पुस्तकाला विटाळ नाही, संस्कृतच्या मात्र आहे. त्या तीन दिवसांत माझी सगळी भूमिती झाली. एरवी पुस्तक उघडलं की तुझी हाक यायचीच, गं जरा कणीक मळ, गं जरा बादली आण. तुझा तरी काय दोष, तुला तरी दुसरं कोण होतं? पण मला त्या पडवीची चटक लागली. पंधरा दिवसांनी मी पुन्हा म्हटलं, आई, मला शिवू नकोस. काहीही नव्हतं. कोरं फडकं ओलं करून मी मागच्या दगडावर आपटायची, तुला घरात ऐकू जावं म्हणून जरा जोरातच. मग महिन्यातून दोनदा, परीक्षा जवळ आली तसं तीनदा. संस्कृतात मी काठावर पास झाले, बाकी विषयांत शाळेत पहिली. आज मी शिक्षिका आहे ती त्या पडवीमुळं, हे मी कुठल्याही सत्कारात सांगितलेलं नाही.

तू मात्र काळजीनं अर्धी झालीस. "अंगात रक्त कितीसं हाय हिच्या? असं वाहून गेलं तर पोरगी वाळून जाईल," असं दादांना सांगत होतीस. आधी धणेपाणी झालं, अडुळशाचा रस झाला, दुर्वांचा रस झाला. ते सगळं मी नाक दाबून प्यायले. मग शेजारच्या शिंपीणकाकूंनी सांगितलं की औरंगाबादला एक डॉक्टरीणबाई आहेत, चीनची विद्या शिकून आल्यात, औषध नाही, गोळी नाही, नुसत्या सुया टोचून पाळी लायनीवर आणतात. सुया ऐकून माझी पाचावर धारण बसली. तेव्हाच तोंड उघडलं असतं तर एक थप्पड खाऊन सुटले असते.

दर गुरुवारी सकाळच्या पॅसेंजरनं आपण जायचो. औरंगपुऱ्यातली ती माडीवरची खोली मला अजून दिसते. भिंतीवर माणसाचं चित्र, त्याच्या अंगभर ठिपके आणि रेघा. बाई तुझ्याच वयाच्या, केसांचा आखूड अंबाडा, बोलणं सावकाश. त्यांनी पहिल्या दिवशी जे जे विचारलं ते मला त्याआधी कुणी विचारलं नव्हतं. रंग कसा, गाठी पडतात का, पोट आधी दुखतं की नंतर, दाबल्यावर बरं वाटतं की शेकल्यावर, पाय गार पडतात का, झोपेत दचकतेस का, राग आला की काय करतेस. प्रत्येक प्रश्नाला मी काहीतरी ठोकून देत होते आणि त्या मन लावून लिहून घेत होत्या. मग दोन्ही मनगटांवर तीन तीन बोटं ठेवून बराच वेळ नाडी पाहिली. मग म्हणाल्या, "जीभ काढ."

तुला त्यांनी नीट समजावून सांगितलं होतं. पाळी ठरल्या दिवसाआधी येते तेव्हा रक्तात उष्णता असते, नाहीतर प्लीहा दुबळी असते, तिला रक्त धरून ठेवता येत नाही. उशिरा येते तेव्हा थंडी शिरलेली असते किंवा रक्तच कमी असतं. आणि कधी आधी, कधी नंतर, कशाला काही धरबंद नाही, असं असेल तर यकृतात काहीतरी अडकलेलं असतं. मनात दाबून ठेवलेली धास्ती, राग. तू मान हलवत होतीस. घोट्याच्या आतल्या बाजूला हाडाच्या वर चार बोटं मोजून त्यांनी पहिली सुई लावली, मग पायाच्या अंगठ्याच्या आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात दुसरी. दुखलं फार नाही, मुंग्या आल्या, पाय जड झाला. मी रडले ते सुईमुळं नव्हतं. तू मात्र माझं डोकं पोटाशी धरून बसलीस, आणि त्या दिवशी मी विटाळाची नव्हते म्हणून तुला धरता आलं.

बाईंनी एक तक्ता दिला होता, महिन्याचे चौकोन आखलेला. दादांच्या निळ्या पेन्सिलीनं तू त्यात ठिपके द्यायचीस. तिसऱ्या की चौथ्या गुरुवारी त्या बराच वेळ तक्ता बघत राहिल्या. पुन्हा जीभ पाहिली, पुन्हा नाडी. म्हणाल्या, "जीभ छान गुलाबी आहे. नाडी भरलेली आहे. महिन्यात तीनदा रक्त जाणाऱ्या मुलीची ही जीभ नाही. तारखा एक सांगतात, अंग दुसरंच सांगतंय."

तू एकदम ताठ झालीस. "म्हणजे? माझी लेक खोटं बोलती का?"

"तसं नाही म्हणत मी, ताई."

"नाय, तसंच म्हणताय तुमी. लई गरीब पोर हाय ती. खोटं तिच्या तोंडातून निघायचं नाय."

मी खिडकीबाहेर बघत राहिले. बाईंनी विषय वाढवला नाही. माझ्याकडे एकदा पाहिलं, ते पाहणं मी आजही विसरले नाही, आणि मग तुझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमची बघू जरा जीभ."

तू पदर तोंडाला लावून हसलीस. "मला काय धाड भरली? म्हातारी झाले मी."

"वय काय?"

"पोलीस ॲक्शनला, निजामाचं राज गेलं तवा, आठ वर्षांची होते."

त्यांनी बोटांवर मोजलं आणि हसल्या. "म्हातारी कुठली? पाळी येते अजून?"

"गेली की. दोन वर्षं झाली." असं म्हणून तू पिशवी उचललीस. तुझे ओठ पांढुरके दिसत होते, ते मी पाहिलं. स्टेशनपासून उन्हात चालत आलो होतो, वाटलं उन्हानं.

त्याच दिवशी बाईंनी घरी करायचा उपाय दिला, सिगारसारखी जाड एक कांडी. चीनमधला कसला तरी पाला वाळवून, कुटून कागदात गुंडाळलेला. पेटवली की देवाला वाहतात त्या दवण्यासारखा वास यायचा. पायाच्या अंगठ्याच्या नखाचा आतला कोपरा असतो ना, तिथं ती पेटती कांडी न टेकवता जवळ धरायची, रोज पाच मिनिटं, दोन्ही पायांना. जास्तीचं रक्त थांबतं म्हणाल्या. शिवाय पोट गार पडू देऊ नका असंही सांगितलं, म्हणून तू जुन्या फ्लॅनेलचा पट्टा शिवून दिलास मला, चार पदरी, आतून मऊ. मी पडवीत नसेन त्या दिवशी, दुपारी दादा झोपले की तू माझा पाय मांडीवर घ्यायचीस आणि कांडी धरून फुंकत बसायचीस. मी त्या वेळी सनावळ्या पाठ करायची.

कांडी लवकर संपायला लागली. माझ्या हिशेबानं पंधरा दिवस पुरायला हवी ती आठवड्यात बोटभर उरायची. पुढच्या गुरुवारी निघता निघता तू बाईंना विचारलंस, "हे कुणाला बी चालतं का? वय झालेल्या बाईला?"

"कुणासाठी विचारताय?"

"शेजारीण हाय एक. पाळी गेलेली हाय तिची, अन् आता मधी मधी दिसतंय म्हणती."

बाईंनी हातातलं काम बाजूला ठेवलं. "ताई, तिला सांगा, यावर सुई नाही आणि धगही नाही. पाळी गेलेल्या बाईला परत रक्त गेलं तर आधी मोठ्या दवाखान्यात दाखवायचं. उद्याच्या उद्या. नाहीतर तिला इकडं आणा, मी घेऊन जाते."

"सांगते की तिला," तू म्हणालीस.

हे मी ऐकलं, आई. शेजारीण कुठली? शेजारी शिंपीणकाकू, त्यांचं मूल अंगावर पीत होतं. परत येताना गाडीत तू खिडकीशी बसून पाय वर घेतलास आणि तुझ्या अंगठ्याच्या नखाच्या कोपऱ्यापाशी मला भाजल्याचा तपकिरी डाग दिसला. दुसऱ्या पायालाही तसाच. मी म्हटलं, "हे काय गं?" तू पाय लुगड्याखाली ओढून घेतलास. "निखारा पडला चुलीतला."

दोन्ही पायांवर, एकाच जागी? भूमितीत पहिली येणाऱ्या पोरीला एवढं कळत नव्हतं का? कळलं होतं. पण दिवसांचा, तारखांचा विषय निघाला की माझं पितळ उघडं पडेल, या भीतीनं मी दुसरीकडं बघितलं. महिनाभरात परीक्षा झाली, मला खोट्या दिवसांची गरज उरली नाही, आणि माझी पाळी आपोआप लायनीवर आली. तू साखर वाटलीस. बाईंकडे जाणं थांबलं.

पुढच्या वर्षी दळणाचा डबा घेऊन गिरणीत उभी असताना तुला चक्कर आली, तेव्हा कुठं तुला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, किती दिवस झाले? तू म्हणालीस, दीड वर्ष. ते चिडले. एवढं लपवलं कशाला? मी दाराशी जेवणाचा डबा घेऊन उभी होते, आणि तू अगदी साधेपणानं सांगितलंस, "तवा पोरगी बसायची ना सारखी. दोघी बसलो तर चूल कुणी पेटवायची? ह्यांना सोवळ्यातलंच लागतं."

हे ऐकल्यापासून मी चांगली झोपलेली नाही, असं म्हटलं तर ते खोटं होईल; झोपते, जेवते, मुलांना पाढे शिकवते. पण ते वाक्य कुठंही गाठतं. नसलेली पाळी सांगून मी पडवी अडवली आणि तू खरं रक्त लुगड्यात दाबून स्वयंपाकघरात उभी राहिलीस. त्याहून वाईट ते शेवटच्या महिन्यातलं. तू माझा हात धरून रडलीस. म्हणालीस, "देवाचा नैवेद्य मी तसल्या अंगानं रांधला गं. चोरून. त्याचंच फळ हाय हे." तुला खरंच तसं वाटत होतं. दुखण्यापेक्षा त्या पापाचीच धास्ती तुला जास्त होती. मला एकच वाक्य बोलायचं होतं. आई, पाप तुझं नाही, मी बसत नव्हतेच, मी भूमिती करत होते. तू हसली असतीस कदाचित. कदाचित तोंड फिरवलं असतंस. काहीही झालं असतं तरी तू हलकी होऊन गेली असतीस. मी तुझ्या कपाळावरून हात फिरवत राहिले आणि म्हटलं, असं काही नसतं गं. एवढंच.

तू गेल्यावर एकदा मी औरंगपुऱ्यातल्या त्या माडीवर गेले होते. बाईंनी ओळखलं. तू गेलीस हे सांगितल्यावर त्या इतकंच म्हणाल्या, "ती शेजारीण, होय ना?" मी मान हलवली. खोट्या तारखांचं मात्र मी तेव्हाही सांगितलं नाही.

आता तू म्हणशील, एवढं सगळं भोगून पोरगी शहाणी झाली असेल. शाळेत सातवीच्या मुलींना मी दरवर्षी खडसावून सांगते, लाजू नका, लपवू नका, तारीख लिहून ठेवा. आणि परवा दवाखान्यात त्या तरुण डॉक्टरीणबाईंच्या समोर बसले, त्यांनी कागद पुढं सरकवला. त्यात एक प्रश्न होता, रक्तस्राव किती दिवसांपासून. खरं लिहिलं तर त्या विचारतील, इतके दिवस काय करत होता, बाई? शिकलेल्या आहात ना? मी चार दिवस असं लिहिलं, सहीही केली, खाली तारीख घातली. त्यांनी त्यावरूनच पुढचं सगळं विचारलं आणि मी त्याला जुळतील अशी उत्तरं दिली. आई, चार दिवस नाही, दोन महिने झालेत. हे मी तुझ्याशिवाय अजून कुणालाच सांगितलेलं नाही.