पोकळी भलतीकडेच

दादास,

फरश्या बसवायचा धंदा तू सोडलास. "तूही सोड, गुडघे जातील," असं बजावलंस आणि मी ऐकलं नाही म्हणून बोलणंही टाकलंस. गेल्या वर्षी गुडघा खरंच ठणकायला लागला. तुझंच खरं झालं, या धास्तीने मी कुणाला पत्ता लागू दिला नाही. हिने रोज तेल चोळलं, पण काडीचा उतार नाही.

शेवटी हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढला. गुडघा ठणठणीत! रक्त पोहोचेना म्हणून खुब्याचं हाड मेलं होतं, आणि त्याचं दुखणं गुडघ्यात उतरत होतं. मला हसूच फुटलं. फरशीला तडा एकीकडे जातो आणि पोकळी भलतीकडेच निघते, हे आयुष्यभर गिऱ्हाइकांना सांगत आलो; स्वतःला मात्र वर्षभर चुकीच्या जागी ठोकून बघत बसलो.

खुबा बदलला. आता उकिडवं बसायचं नाही. मी उभ्याने भिंतीच्या टाइल्स लावतो, खालची ओळ ही लावते आणि रेषा चुकली की वर मलाच ओरडते. मजेत चाललंय.

हे पत्र टाकणार नाही. रविवारी खिशात घालून स्वतःच तुझा जिना चढणार आहे, कारण मला तुझं तोंड बघायचंय. माझी अक्कल गुडघ्यात आहे, असं जन्मभर म्हणत आलास ना? मग हा फोटो बघ. नेमकी तेवढीच जागा शाबूत आहे.

काठी टेकत येणारा,
तुझा धाकटा