बैल विकू नको

कॅम्प-१, भिलाई
१२ फेब्रुवारी १९६१

प्रिय रुक्माबाई,

धाकट्या भावाचा जयभीम. इकडे माझी तब्येत ठीक. तुझं पत्र मिळालं. मिळणाऱ्या खोलीला मोरी आहे का, असं विचारलंस. आहे. पण बैल विकू नको. बाजार कोणत्या वारी ते आठवेना, म्हणून आधी हेच लिहितो.

भाऊजी धडधाकट आहेत. जेवत नाहीत एवढंच.

महिनाभर मी त्यांना शिकवलं. भिलाई-३ कडच्या मोकळ्या मैदानात ठेकेदाराचा ट्रक न्यायचो. गर्दी दिसली की आधी अ‍ॅक्सिलेटरवरचा पाय उचला, हॉर्नच्या भरवशावर राहू नका, कारखान्याची पाळी सुटली की सायकलवाला कुठूनही वळतो, हे रोज घोकून घेतलं. त्यांना सगळं पाठ झालं. लायसन्सही मिळालं. गाडीवान म्हणून त्यांच्या हाताला गावात तोड नव्हती, हे तुला मी काय सांगू.

सोमवारी ते पहिल्यांदा एकटे निघाले. दुपारी दोनचा भोंगा झाला, सायकली सुटल्या. एक माणूस एकदम आडवा आला. भाऊजींनी 'हो, हो' करत स्टिअरिंग दोन्ही हातांनी छातीकडे ओढलं, बैलांचा कासरा ओढतात तसं. पाय ब्रेकवर गेलाच नाही.

त्या माणसाला लागलं. केवलराम नाव त्याचं, इथला कॅम्पातलाच.

पोलिसांना भाऊजी एकच सांगत राहिले, "साहेब, मी तं ओढलं होतं. थांबलीच नाई." साहेबाला काय ओढलं ते कळेना. मी सांगायला गेलो तर मला बाहेर बसवलं.

जामिनावर सुटल्यापासून भाऊजी रोज दवाखान्याच्या पायरीवर जाऊन बसायचे. केवलरामची बायको गयाबाई तिथंच असायची. ती म्हणाली, "घरी जा, भाऊ. अठी कावून बसून राहिले?" तरी उठले नाहीत. मी हाताला धरलं, तरी नाहीत.

काल केवलराम गेला. हे वरतीच लिहायला हवं होतं. हात धजला नाही.

आणखी एक आहे, बाई. मैदानात एकदा कुत्रं आडवं आलं, तेव्हाही भाऊजींनी असंच ओढलं होतं. कुत्रं वाचलं. मी पोट धरून हसलो. अजून महिनाभर थांबू, असं त्याच दिवशी म्हणायचं होतं. पण त्याच आठवड्यात तुझं पत्र आलं, 'आमाले कवा नेता?' आणि ड्रायव्हर झाल्याशिवाय खोली मिळणार नव्हती. मी मुकादमाला सांगून टाकलं, माणूस तयार आहे. माझ्या शब्दावर त्यांनी ट्रकची चावी दिली.

भाऊजी कुत्र्याचं काही बोलत नाहीत. मला एक शब्द बोलले नाहीत. आज सकाळी एवढंच म्हणाले, "शेषराव, बैल असते तं थांबले असते."

केसचं काय होईल ते कुणी सांगत नाही. तू ये म्हणावं की नको म्हणावं, मला काहीच कळत नाही. बैल तेवढे राहू दे.

माणूस तयार आहे असं सांगणारा,
तुझा भाऊ
शेषराव