दाजींच्या थिएटरची डबी

८ जानेवारी, सातारा
सकाळी दाजींचा फोन. नंदाचा, माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. आईच्या वर्षश्राद्धाला फिरकला नाही, आज आवाज गुळासारखा. "सुभेदार, विश्रामबागेच्या बंगल्यात वरच्या खोलीत थिएटर केलंय. पडदा, प्रोजेक्टर, भिंतीभर स्पीकर, समदं आलं. नेटवरचं पिक्चर दाखवणारं ते यंत्र तेवढं राहिलंय. तुमी फौजेत वायरलेसवर हुता. तुमीच निवडा."
बघतो म्हणालो.
आई मिरजेच्या दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होती, तेव्हा मी उशाशी. संध्याकाळी नंदाला फोन केला, असशील तशी ये. सांगलीतलं विश्रामबाग ते मिरज, असं कितीसं लांब! दाजी तिला म्हणाला, "पाव्हणे बसलेत, मॅच सुरू हाय. जेवणं वाढून हुईस्तवर थांब." ती पोचली तेव्हा आईचं तोंड झाकलेलं होतं.
तेव्हापासून मी दाजींपुढं चकार शब्द काढला नाही. आता बघू.

११ जाने.
तीन दिवस तेच वाचतोय. दोन यंत्रं नजरेत.
एक चौकोनी डबी. राउटरची वायर थेट लागते, चित्र अडकत नाही. प्रत्येक स्पीकरला वेगळा आवाज. पाठीमागून गाडी आली तर पाठीमागूनच ऐकू येते.
दुसरी काठीसारखी, टीव्ही-प्रोजेक्टरच्या मागं खोचायची. आमच्या हॉलमध्ये मजेत चालेल. दाजींच्या खोलीत नाही. नुसत्या वायफायवर चालते, राउटर खालच्या मजल्यावर, मधे जाड स्लॅब, सिग्नल अर्ध्यातच मरणार. शिवाय आवाज पुढच्या दोनच स्पीकरना. बाकीचे मुके.
काठीच सांगणार.
बायको : "एवढं काय बघताय?"
"दाजींचं काम."
"त्यांचं? आणि तुम्ही?" माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

१३ जाने.
कळवलं. म्हटलं, हल्ली जेवढं लहान तेवढं भारी. खूश झाला. "आमाला काय कळतंय त्यातलं, तुमचा शब्द म्हंजे शब्द."
उद्घाटन २६ ला. कारखान्याचे संचालक, व्याही, सगळी बडी मंडळी. मलाही बोलावणं : "वायरबियर बघायला कोणतरी पायजेच की!"
वायरबियर बघायला. जाणार नाही. इथूनच ऐकेन.

२६ जाने.
झेंडावंदन करून आलो. दिवसभर फोन खिशात. जीव थाऱ्यावर नाही.
सात वाजून गेल्यावर सांगलीच्या चुलतभावाचा फोन. तो तिथंच होता. नारळ फुटला, दिवे मालवले, आणि पडद्यावर ते गोल चक्र फिरतंय ते फिरतंयच. जरा चित्र, की परत चक्र. आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. एक संचालक म्हणाला, "ह्यापरीस आमच्या तालमीतला टीव्ही बरा." सगळे हसले. जेवले आणि गेले.
सगळं पुन्हा सांगायला लावलं. दाजींचं तोंड कसं झालं होतं, तेही.
जिलबी आणवली. लय दिवसांनी काही गोड लागलं.

२७ जाने.
दुपारी नंदाचा फोन. काल दाजी तिच्यावर ओरडला. पाहुण्यांदेखत. "हिनंच रिमोट चाळवलाय. अडाणी बाई, कशाला हात लावती?" ती ताटं घेऊन उभी.
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. यायला नको होतं?
मग म्हणाली, "दादा, तू मुद्दाम केलंस ना?"
समोर कालच्या जिलबीचा पुडा होता. बाजूला सरकवला.
"तू साताऱ्यात बसून हसलास. बोलणी मी खाल्ली."
तिनं फोन ठेवला.

३० जाने.
दाजींचा निरोप : दुसरं यंत्र सांगा, आणि या वेळी स्वतः येऊन बसवा. पोवई नाक्यावरून डबी आणली.
नंदालाही कळवलं. म्हणाली, "ये. पण असा चोरून बदला घेऊ नको. त्या संध्याकाळचं त्यांना तोंडावर विचार. माझ्यानं होत नाही."
राग तसाच आहे. फक्त आता तो घेऊन दाजींच्या घरात जायचंय.

१ फेब्रु., सांगली
दुपारी काम. राउटरपासून वायर जिन्यानं वर ओढली, डबी जोडली. सगळे स्पीकर बोलले. पिक्चरमधले घोडे पाठीमागून आले, डोक्यावरून गेल्यासारखे पुढं गेले. दाजी खुर्चीतून उठून नाचायचा बाकी. "आवं सुभेदार, लय भारी! मग काठी सांगताना झोपेत हुता काय?"
"जागा होतो. मुद्दाम सांगितली."
चेष्टा समजून हसला.
रिमोट माझ्याच हातात. चित्र थांबवलं. नंदा चहा घेऊन दाराशी आलेली.
"दाजी, त्या संध्याकाळी नंदाला का सोडलं नाही?"
"कुठल्या संध्याकाळी?"
नीट बघितलं त्याच्याकडं. खोटं बोलत नव्हता. आठवतच नव्हतं. मी ज्यावर जळत होतो ते त्याच्या लेखी घडलंच नव्हतं.
नंदा म्हणाली, "आई गेली त्या."
"हां, मग? पाव्हणे हुते की घरात." आणि मला, "लावा की पुढं."
तिनं ट्रे खाली ठेवला. आत गेली. बाहेर आली तेव्हा हातात कपड्यांची पिशवी.

२ फेब्रु., सातारा
नंदा इथं आहे. काल एसटीत कराडपर्यंत बोलली नाही. मग एकदम, "घोडे छान पळत होते." हसावं की काय, कळेना.
सकाळपासून तिचा फोन वाजतोय. बघते, पालथा घालते.
आता दाजी माझ्या फोनवर. उचलला. "तिला द्या जरा." आवाजात गुरगुर नाही. भीती असावी.
तिच्याकडं बघितलं. मेथी निवडत होती. मान हलवली नाही. होही नाही, नाहीही नाही.
फोन चालूच ठेवून तिच्यापुढं, मेथीच्या जुडीशेजारी ठेवला; बोलायचं की नाही, तिनं ठरवावं.
"सुभेदार? हाय का तिथं?"